लपविण्यासाठी घडविलेले शस्त्र

खंडेनवमीच्या दिवशी आमचे आजोबा माडीवरच्या पेटीतून एक जुनी तलवार, एक कट्यार आणि दांडा मोडलेला भाला बाहेर काढीत. राखेने व चिंचेने ती शस्त्रे उजळत, पाटावर मांडली जात, त्यांना झेंडूची फुले वाहिली जात आणि गल्लीतली मुले दारात उभी राहून ती पाहत. आम्हां मुलांची त्यामुळे अशी समजूत झाली होती की, शस्त्र म्हणजे दिसायची वस्तू. ती समजूत अगदीच खोटी नव्हती. तलवार कमरेला लावीत ती लढण्यासाठी खरी. परंतु त्याहून अधिक वेळा ती लावीत ती आपण लढू शकतो हे समोरच्याला आधीच कळावे म्हणून. म्यानात राहूनच तिचे निम्मे काम होत असे.

आज ज्या शस्त्राविषयी मी बोलणार आहे, त्याला त्या पाटावर जागा मिळाली नसती. न दिसणे हाच त्याचा पहिला गुण. कोटाच्या खिशात, कमरपट्ट्याच्या आत किंवा बाईच्या हातातल्या पिशवीत मावेल, असे लहान पिस्तूल कोणी, केव्हा व का घडविले, आणि ते निवडताना माणसांनी कशाच्या बदल्यात काय पत्करले, हा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. गुप्त शस्त्र आपल्याला अपरिचित आहे असे नव्हे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये झालेली भेट कोणता मराठी माणूस विसरेल? पण वाघनख काय किंवा बिचवा काय, त्याची धाव हाताच्या लांबीएवढी. गोळी झाडणारे शस्त्र अंगरख्याआड लपू लागले, तेव्हा राजांपासून रावापर्यंत सर्वांचीच झोप उडाली.

ते आधी का लपत नव्हते, याचे कारण साधे आहे. तोड्याच्या बंदुकीला पेटता तोडा लागे. धुमसती वात आणि तिचा वास घेऊन कोणी दरबारात शिरू शकत नाही, आणि तोडा कपड्याखाली दडविला तर पहिला भाजेल तो मारेकरीच! सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चक्राच्या चापाची युक्ती निघाली. किल्लीने ताणून ठेवलेले पोलादी चक्र चाप ओढताच गरकन फिरे, दगडावर घासून ठिणग्या पाडी आणि दारू पेटे. आता शस्त्र भरून, चक्र ताणून, तासन् तास अंगावर बाळगता येऊ लागले. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७ मध्येच आपोआप पेटणाऱ्या या शस्त्रांवर बंदी घातली. बंदुकीवरील हे जवळजवळ सर्वांत जुने निर्बंध होत, आणि त्यांचा रोख बंदुकीच्या शक्तीवर नसून तिच्या लपण्यावर होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सम्राटाची भीती अनाठायी नव्हती. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे ऑरेंजचा विल्यम जेवणघरातून बाहेर पडत असता बाल्थाझार झेरार याने असल्याच पिस्तुलाने त्याचा प्राण घेतला.

परंतु खिशातल्या पिस्तुलाची खरी कर्मभूमी अमेरिका. तेथे शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला जात असे व आजही मानला जातो. आश्चर्य असे की, लपवून बाळगण्याविरुद्धचे कायदेही त्याच देशात, आणि तेही बंदुकीवर जीव असलेल्या दक्षिण भागात झाले. केंटकी राज्याने १८१३ मध्ये खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा व काठीत दडविलेली तलवार लपवून बाळगण्यास दंड ठरविला. प्रवाशाला तेवढी सूट दिली. लुईझियानानेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. यामागचा विचार आपल्या आजोबांना तत्काळ पटला असता. पिस्तूल उघडपणे कमरेला लावणारा माणूस सरळ. ते लपविणारा दगलबाज. केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरविला, तेव्हा लोकांनी १८५० च्या सुमारास राज्याची घटनाच बदलून विधिमंडळाला तो अधिकार परत दिला. लपविण्याविषयीची ही नैतिक घृणा आज तेथे कशी उलटी झाली आहे, ते पुढे येईलच.

याच काळात फिलाडेल्फिया शहरात हेन्री डेरिंजर नावाचा एक बंदुका घडविणारा कारागीर राहत असे. त्याने मुठीत मावेल असे ठासणीचे, टोपीवर उडणारे, एकाच बाराचे पिस्तूल बनविले. लांबी सहा इंचांच्या आत, वजन आपल्या जुन्या मापाने पावशेरापर्यंत. पण तोंड मात्र रुंद, जवळजवळ अर्ध्या इंचाचे. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली, तेव्हा जुगारी, व्यापारी आणि वकील यांना असेच काहीतरी हवे होते. बार एकच असल्यामुळे ही पिस्तुले जोडीने विकली जात. डाव्या खिशात एक व उजव्या खिशात एक. खप इतका झाला की नकला करणाऱ्यांचे पेव फुटले. डेरिंजरच्या नावात ‘आर’ हे अक्षर मध्ये एकदाच येते. नकलाकारांनी ते दोनदा घातले, आणि गंमत अशी की कोशात शिरले ते हेच दोन ‘आर’चे रूप. बिचारा म्हातारा आपल्या नावासाठी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. पण त्याचे नाव जगभर झाले ते त्याला न रुचणाऱ्या कारणाने. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ अध्यक्ष लिंकन यांच्या सज्जात शिरला, तो खिशात डेरिंजर घेऊन. एक बार, एक गोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन यांचे देहावसान झाले. ते पिस्तूल आजही त्या नाट्यगृहाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. लिंकन यांची उंची सहा फूट चार इंच होती; शस्त्राची लांबी वीतभरही नाही.

डेरिंजरची अडचण उघड होती. एक बार चुकला की हातात लोखंडाचा तुकडा उरे. फिरत्या चक्रीचे रिव्हॉल्व्हर आले, त्यात पाच-सहा बारांची सोय झाली; पण चक्रीचे पोट कोटातून फुगून दिसे. यावर उपाय काढला तो अमेरिकेतल्या यूटा प्रांतात जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग याने. बाप बंदुका दुरुस्त करणारा, मुलगा बापाच्या दुकानात वाढलेला. १८९७ मध्ये बेल्जियममधील लिएझजवळच्या एर्स्ताल येथील राष्ट्रीय शस्त्र-कारखान्याशी त्याचा करार झाला, आणि १९०० च्या बनावटीचे चपटे पिस्तूल बाहेर आले. काडतुसे मुठीत एकावर एक रचलेली. बार उडताच त्याच्याच धक्क्याने वरचे झाकण मागे सरून रिकामी पुंगळी फेकून देई व नवे काडतूस नळीत चढवी. म्हणजे चक्रीच नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर ते पोटही गेले. या पिस्तुलासाठी ब्राउनिंगने ७.६५ मिलिमीटरचे काडतूसही स्वतःच आखले. पुढे ६.३५ मिलिमीटरचे आणि १९०८ मध्ये ९ मिलिमीटरचे आखूड काडतूस आले. ६.३५ वाले पिस्तूल तर जाकिटाच्या खिशासाठीच होते. लांबी साडेचार इंच, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, काडतुसे सहा.

येथे ब्राउनिंगच्या शहाणपणाचा एक पुरावा नमूद केला पाहिजे. खिशात भरलेले पिस्तूल ठेवणाऱ्याला पहिले भय शत्रूचे नसते, आपल्याच मांडीचे असते. म्हणून त्याने मुठीच्या मागच्या बाजूस एक खटका बसविला. मूठ नीट आवळल्याशिवाय चाप चालतच नसे. अमेरिकेतील कोल्ट कंपनीसाठी त्याने १९०३ मध्ये जे पिस्तूल आखले, त्यात घोडा झाकणाच्या आत दडविला, कारण बाहेर आलेला घोडा खिसा फाडतो आणि ऐनवेळी अस्तरात अडकतो. त्या पिस्तुलाला बिनघोड्याचे म्हणत. घोडा होताच; तो फक्त दिसत नव्हता. शस्त्र लपविता लपविता शस्त्राचे अवयवही लपविण्याची वेळ आली होती!

फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हे पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसले आणि पहिल्या दहा वर्षांत ही हत्यारे लाखोंनी खपली. कारखान्याची अपेक्षा अशी की ती सभ्य गृहस्थ रात्री घरी परतताना बाळगतील. बाळगलीही असतील. पण जो गृहस्थ काहीच न घडता घरी पोहोचतो, त्याची नोंद इतिहास ठेवीत नाही. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह याच्यावर ओएगेन शाउमान याने, आणि २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वे फलाटावर जपानच्या इतो हिरोबुमी यांच्यावर कोरियन देशभक्त आन जुंग-गुन याने झाडलेले पिस्तूल या १९०० च्या बनावटीचेच होते.

आणि हार्बिननंतर दोन महिन्यांच्या आत नाशिक. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले इंडिया हाउसमधील चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात धाडली, हा पुढे त्यांच्यावरील खटल्यातला एक मुख्य आरोप होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सन आत येत असता औरंगाबादेत शिकणाऱ्या अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने या देशातील माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी होती व युरोपियनांना त्यातून सूट होती. अशा राज्यात जे उघड बाळगता येत नाही ते चपटे असावे लागते, पेटीच्या तळाशी मावावे लागते. ब्राउनिंगची निवड कोणी सूचीपत्रातील गुण वाचून केली नव्हती. ती परिस्थितीनेच केली होती.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिप याच्या खिशात याच कारखान्याचे १९१० च्या बनावटीचे पिस्तूल होते. पुष्कळ पुस्तकांत ते जुन्या १९०० च्या बनावटीचे म्हणून लिहिले गेले, ते चुकीचे आहे. ते आता व्हिएन्नाच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात आहे, आणि त्याचे काडतूस १९०८ चे ९ मिलिमीटर आखूड. सैनिकी दृष्टीने अगदी दुबळे काडतूस! पण दोन हातांच्या अंतरावरून दुबळे नि बलाढ्य हा भेद उरत नाही. गोळ्या दोनच झाडल्या गेल्या. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड आणि त्यांची पत्नी सोफी दोघेही गेली, आणि पुढे चार वर्षे जग जळत राहिले.

या काडतुसाचा उल्लेख मी मुद्दाम केला. इटालियन सैन्याने स्वीकारलेले १९३४ च्या बनावटीचे बेरेटा पिस्तूल हेच ९ मिलिमीटर आखूड काडतूस वापरी. महायुद्धानंतर त्यांपैकी एक फिरत फिरत ग्वाल्हेरला पोहोचले आणि ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी ते बिर्ला भवनाच्या हिरवळीवर होते. दहाच दिवसांपूर्वी, २० तारखेला, तेथे स्फोट झाला होता. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी, असे पोलिसांचे म्हणणे होते. गांधीजींनी ते मानले नाही. प्रार्थनेला येणाऱ्या माणसाचे खिसे चाचपडणे त्यांच्या प्रार्थनेत बसत नव्हते. तीन गोळ्या. त्या काडतुसाबद्दल आपण भारतीयांना तंत्रज्ञाच्या तटस्थतेने बोलता येत नाही, आणि बोलूही नये.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९११ मध्ये, तेथील राजकारणी टिमथी सलिव्हन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून, लपविता येण्याजोग्या शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला. दोनच वर्षांनी त्यात अशी अट आली की, शस्त्र लपवून बाळगावयाचे तर त्यासाठी योग्य कारण दाखविले पाहिजे. सरकारी टिपणीत ‘योग्य कारण’ हे दोन शब्द किती माणसांना किती वर्षे फिरवू शकतात, हे माझ्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसास कोणी सांगावयास नको.

आता जरा हलका प्रसंग. लपवून बाळगण्याचे पिस्तूल कोणते निवडावे, यावरचा जगातला सर्वांत प्रसिद्ध पत्रव्यवहार एका कादंबरीकाराचा आहे. इयान फ्लेमिंग याच्या कथांतील हेर जेम्स बाँड आरंभी ६.३५ मिलिमीटरचे छोटे बेरेटा वापरी. १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या, शस्त्रांचा छंद असलेल्या गृहस्थाने फ्लेमिंगला पत्र लिहून कळविले की, हे पिस्तूल बायकांच्या पिशवीत शोभणारे आहे. त्यावर जीव टांगणारा हेर फार दिवस जगणार नाही. त्याने सुचविले ते स्मिथ आणि वेसन कंपनीचे, घोडा आत झाकलेले, पाच बारांचे हलके रिव्हॉल्व्हर. आणि पिस्तूलच हवे असेल तर वाल्टर कंपनीचे ‘पीपीके’. लेखक माणूस! त्याने दुसरा पर्याय उचलला. आधीच्या कादंबरीत बाँडचे बेरेटा ऐनवेळी कमरेत अडकले होते, त्याचा आधार घेऊन १९५८ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये त्याच्या हाती वाल्टर दिले, आणि ते देणाऱ्या शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याचे नाव ठेवले मेजर बूथरॉइड.

त्या पत्रातला वाद मात्र हलका नाही; आजही हे शस्त्र घेणारा प्रत्येक जण त्यातच सापडतो. रिव्हॉल्व्हर जाड, बार थोडे. पण एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे काडतूस आपोआप समोर येते. पिस्तूल चपटे, बार अधिक. पण त्याची यंत्रणा नाजूक, आणि अडले तर ते सोडविण्यास दोन्ही हात व शांत डोके लागते, जे त्या क्षणी कोणाकडेच नसते. शस्त्र हलके केले तर ते रोज बाळगले जाते, पण बाराचा हिसका हाताला अधिक बसतो, म्हणून सराव टाळला जातो. नळी आखूड केली तर ते लपते, पण नेम धरावयाचे दोन खुंट इतके जवळ येतात की मनगटाची किंचित थरथर गोळीला हातभर बाजूला नेते. लपविण्यास जे सोपे ते चालविण्यास अवघड, हा नियम डेरिंजरपासून आजतागायत कोणा कारागिराला मोडता आलेला नाही. १९२९ व १९३१ च्या वाल्टर पिस्तुलांनी तो थोडा वाकविला, इतकेच. साध्या वेशातील पोलिसांसाठी आखलेल्या त्या पिस्तुलात पहिला बार रिव्हॉल्व्हरप्रमाणे चाप लांब ओढून उडे, त्यामुळे ते भरलेले बाळगणे पुष्कळसे निर्धोक झाले.

यानंतरच्या इतिहासात कारागिरांइतकाच हात कायद्याचा आहे. १९६८ मध्ये एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. केनेडींचा खून एका लहानशा रिव्हॉल्व्हरने झाला होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय विधिमंडळाने नवा शस्त्रकायदा केला, आणि त्यान्वये परदेशातून येणाऱ्या पिस्तुलाची उंची निदान चार इंच व लांबी निदान सहा इंच असली पाहिजे, असे ठरले. हेतू हा की खिशात दडणारी स्वस्त हत्यारे येऊ नयेत. वाल्टर पीपीकेची उंची भरली तीन पूर्णांक नऊ दशांश इंच! कंपनीने मग आपल्या मोठ्या पिस्तुलाच्या सांगाड्यावर लहान पिस्तुलाची नळी व झाकण चढवून एक नवीनच संकरित पिस्तूल काढले आणि ते अमेरिकेत पाठविले. उंची वाढली, तशी आत एका जादा काडतुसाची सोयही झाली. बंदी आयातीवर होती, घडविण्यावर नव्हती. त्यामुळे पुढे मूळचे छोटे पिस्तूल अमेरिकेतच तयार होऊ लागले. नियम लिहिणाऱ्यांना हे अगोदर कसे सुचले नाही, असे आपणांस वाटेल. मी नियम लिहिणाऱ्यांच्या जातीचा आहे. आम्हांला जे सुचते ते मागच्या घटनेवरून सुचते.

याच्या अगदी उलट प्रकार १९९४ मध्ये घडला. त्या वर्षीच्या कायद्याने नव्या पिस्तुलाच्या काडतूस-पेटीत दहापेक्षा अधिक काडतुसे असू नयेत, अशी मर्यादा घातली. तोवर मोठ्या पिस्तुलात पंधरा-सतरा काडतुसे मावत, आणि ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने तर शस्त्राचा सांगाडाच प्लास्टिकसारख्या पदार्थाचा करून ते हलके केले होते. दहाच काडतुसे चालणार असतील तर लांब मूठ हवी कशाला? दुसऱ्याच वर्षी ग्लॉकचे आखूड पिस्तूल बाजारात आले, बरोबर दहा काडतुसांचे, आणि काडतूसही सैनिकी ताकदीचे ९ मिलिमीटर. १९६८ च्या कायद्याने पिस्तूल वाढविले, १९९४ च्या कायद्याने ते आखडले. १९८७ मध्ये फ्लोरिडा राज्याने पात्रता असलेल्या कोणाही अर्जदाराला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना देण्याचे ठरविले होते आणि राज्यामागून राज्य तीच वाट धरीत होते. त्यामुळे या छोट्या पिस्तुलाला गिऱ्हाईक तयारच होते. मोठ्या काडतूस-पेटीवरची बंदी २००४ मध्ये सरली. छोटे पिस्तूल मात्र राहिले. २०१८ मध्ये सिग सॉवर कंपनीने जेमतेम एक इंच जाडीच्या पिस्तुलात दहा काडतुसे बसविली.

न्यूयॉर्कचे ते ‘योग्य कारण’ २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. आज त्या देशातील निम्म्याहून अधिक राज्यांत लपवून पिस्तूल बाळगण्यास परवानाच लागत नाही. आणि केंटकीच्या त्या जुन्या विधिमंडळाला ज्याचे मोठे नवल वाटले असते ते असे की, आता तेथे उघडे पिस्तूल लावून दुकानात शिरणाऱ्याकडे लोक दचकून पाहतात; ते कोटाखाली झाकणारा सभ्य समजला जातो.

आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि परवाना हा हक्क नसून तपासाअंती मिळणारी गोष्ट राहिली. परवानाधारकाने जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत वा सार्वजनिक सभेत शस्त्र नेऊ नये, अशी परवान्यावरच अट असते; ३० जानेवारीची आठवण ज्या देशाला आहे, त्याला या अटीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. सैनिकी ९ मिलिमीटर काडतूस सामान्य नागरिकास वर्ज्य असल्यामुळे येथली निवड मुख्यतः ०.३२ बोअरभोवती फिरते, आणि त्यातले पिस्तुलाचे काडतूस म्हणजे ब्राउनिंगचे तेच जुने ७.६५. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत लाखाच्या वर. ज्या मुली रात्री बसच्या थांब्यावर उभ्या राहतात, त्यांच्यातल्या कितीजणींना ते परवडले असते, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

नोकरीच्या आरंभी एका जिल्ह्याच्या ठिकाणी काही महिने परवान्यांचे टेबल माझ्याकडे होते. अर्जदारांपैकी बरेच जण ‘मिळेल का?’ याच्या आधी ‘कोणते घेऊ, साहेब?’ असे विचारीत. मी त्यांना विचारी, की ते रोज कोठे ठेवाल? रात्री कोठे ठेवाल? घरात लहान मुले किती? याची उत्तरे क्वचितच कोणी तयार ठेवून आलेला असे.

एके दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मुलासह आल्या. त्यांनी पिशवीतून हिरव्या खणात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. आतमध्ये बेल्जियमचे ६.३५ मिलिमीटरचे पिस्तूल होते, अगदी पत्त्यांच्या जोडासारखे चपटे. यजमान सरकी-कापसाच्या धंद्यात होते. बाजाराच्या दिवशी रोकड घेऊन परतत. ते वारले, वारसांपैकी कोणाला परवाना नको होता, म्हणून शस्त्र जमा करावयाचे होते. मी म्हटले, “बाई, बसा. याचा कधी उपयोग करावा लागला का त्यांना?”

“ते मला कसं ठाऊक असणार, साहेब?” त्या म्हणाल्या, “लग्नानंतर अकरा वर्षं ते त्यांच्या कोटात होतं. मला कळलं ते कोट धुवायला टाकताना. धाकटा तेव्हा रांगत होता, आणि तो कोट खुंटीवरून रोज खाली ओढायचा.”

मुलाने मान खाली घातली. तोच तो धाकटा असावा. हवालदारांनी काडतूस-पेटी काढली. आत चार काडतुसे होती, हिरवी पडलेली. नळीत एक निघाले. नंबर रजिस्टरात उतरवून घेतला, पावतीवर त्यांचा अंगठा न घेता सही घेतली, कारण बाईंना लिहिता येत होते याचा त्यांना अभिमान होता. निघताना त्या दारातून परत आल्या आणि तो खण मागून, घडी घालून, घेऊन गेल्या.